आधी चिंचघाट, मंग खैरटोला

अधिकाच्या महिन्यात सासऱ्यानं जावयाला नाही म्हणायचं नसतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जावयानंही सासऱ्याला नाही म्हणायचं नसतं, हे मात्र कोणी सांगून ठेवत नाही. क्षितिजला तर कोणीच सांगितलं नव्हतं. तो पडला यवतमाळचा. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, त्यांच्या घरी अधिक महिना म्हणजे एका दुपारी पुरण आणि नंतर पंख्याखाली ताणून देणं. लग्नानंतर हा त्याचा पहिलाच धोंड्याचा महिना, तोही जेठाचा. ऊन असं की कुत्रंही सावलीतून उठायला तयार नाही. तशात बायकोला, सुरभीला, गाडीवर मागं बसवून आणि पोटाशी लॅपटॉपची बॅग बांधून साहेब सासुरवाडीला निघाले.

सासुरवाडी म्हणजे चिंचघाट, केळापूरच्या अलीकडे आत वळून. सासरे नानाजी गावातले वजनदार शेतकरी. अंगणात गाडी थांबली तसे ते ओसरीवरून ओरडले, "आले, आले! आमचे मशीनवाले जावईबापू आले! अवो, पानी आना पाय धुवाले!"

मशीनवाले म्हणायला कारण होतं. चिंचघाट आणि खैरटोला या दोन गावांच्या मध्ये एक टेकडी, टेकडीवर मोठी टाकी. नदीवरून पाणी त्या टाकीत चढतं आणि तिथून दोन पाइपांनी दोन गावांच्या टाक्यांत उतरतं. पूर्वी व्हॉल्व्ह फिरवायला माणूस होता. तो ज्या गावाचा, त्या गावाला पाणी धो धो. मग शिव्या, मग काठ्या, मग पोलीस. शेवटी व्हॉल्व्हला मोटरी बसल्या, टेकडीवरच्या खोलीत पॅनल आलं आणि पॅनलमध्ये आली पीएलसी. म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा एक डबा. त्याला एकदा काय ते नीट सांगून ठेवलं की तो थकत नाही, रागावत नाही, सांगितलेलं तेवढंच करत बसतो. सकाळी एका गावाचा व्हॉल्व्ह, दुपारी दुसऱ्याचा, सगळं घड्याळावर. हे सांगून ठेवायचं काम क्षितिजचं. त्यानं तर व्हॉल्व्हची हातानं फिरवायची चाकंसुद्धा काढून नेली, म्हणजे कोणाचा हातच लागायला नको. उद्घाटनाला दोन्ही गावं जमली होती, तेव्हा माइकवर तो म्हणाला होता, "माणसाला सोयरे असतात, मशीनला नसतात." काय टाळ्या पडल्या!

त्याच टाळ्यांत नानाजींनी शेजारच्याला विचारलं होतं, पोरगं कोणाचं. पोरगं आपल्यातलंच निघालं. तुळशीचं लग्न आटोपल्यावर सुरभीचंही आटोपलं. तर ती अशी गंमत. मशीनला सोयरे नव्हते, मशीनवाल्याला झाले.

खैरटोल्यालाही त्याचं माणूस होतं. टेकडीवर काम चालू होतं तेव्हा सगळ्यांचा स्वयंपाक बेबीताईकडे असायचा. पंचेचाळिशीची, खणखणीत आवाजाची बाई. क्षितिज तिचा 'भाऊ'. ज्वारीची भाकर, चून म्हणजे पिठलं, कांदा आणि ताटाला हात लावायच्या आधी तांब्याभर गार पाणी. "पह्यले पानी पे, मंग बोल," हा तिचा कायदा. पॅनल पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी ती हळदीकुंकू घेऊन टेकडी चढून आली आणि थेट पॅनलच्या काचेलाच तिनं कुंकू लावलं.

"अहो ताई, स्क्रीन आहे ती!"

"मंग? तिले कपाळ नाई का?" ती म्हणाली. मग वाकून आत पाहिलं. "याच्यातून पानी जाते का रे, भाऊ?"

"नाही ताई. यातून फक्त हुकूम जातो."

"म्हंजे कलेक्टर हाय म्हना," असं म्हणून तिनं पदर तोंडाला लावला आणि पोट धरून हसली. तिच्या गावात नळाला पुरती धार पहिल्यांदा आली ती त्या दिवशी.

तर आता धोंड्याचं जेवण. सासूबाईंनी, विमलताईंनी, कसूर म्हणून ठेवली नव्हती. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची वाटी उपडी, अनारसे, कुरड्या, वडे, आंब्याचा रस. पाटाभोवती रांगोळी, समोर चांदीचं निरांजन. जावई तिसऱ्या धोंड्याला नको नको करत होता तेवढ्यात नानाजींनी पानावर आडवा हात धरला.

"जावईबापू, एक गोष्ट मांगू का तुमाले?"

क्षितिजला हसू आलं. या महिन्यात मागायचं असतं जावयानं. रुसायचं असतं, अंगठी नाहीतर गाडी पाहिजे म्हणून अडून बसायचं असतं. "मागा की," तो म्हणाला.

"गावात सप्ता बसून राह्यला. कथा हाय, भजनी मंडळी येतीन, पाहुने येतीन, शेवटी महाप्रसाद. अख्खं गाव जेवते. पानी पुरत नाई. तेवढ्या सप्त्यापुरतं तुमच्या त्या मशीनले सांगा, का आधी चिंचघाट, मंग खैरटोला. बस. त्यायचं तोडा असं नाई म्हनत मी. आपली टाकी भरली का मंग त्यायले जाऊ द्या सगळं."

मेहुणा रजत पंचायतीत सदस्य. तो पंगतीत बसूनच म्हणाला, "देवाच्या कामाले हाय, जिजाजी. कोनाच्या घरचं लगन थोडी हाय."

सुरभी वाढता वाढता थांबली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते लग्न झालेल्या प्रत्येकाला कळेल. माहेरात, सगळ्यांसमोर, माझ्या बापाचा शब्द पाडू नका, एवढंच. क्षितिज म्हणाला, "सप्ताहापुरतं ना? करून देतो."

खोलीची किल्ली रजतकडेच असे. भर उन्हात दोघं टेकडी चढले. खोली तव्यासारखी तापलेली. क्षितिजनं लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या रेघा, त्यावर त्याचाच प्रोग्राम. दोन्ही गावांच्या पायऱ्यांवर घड्याळाची अट होती, ती त्यानं काढली आणि खैरटोल्याच्या पायरीवर चिंचघाटच्या टाकीतला लेव्हल स्विच टाकला. तोवर चिंचघाटचा व्हॉल्व्ह उघडाच, टाकी भरली, स्विच उचलला, की खैरटोल्याचा उघडणार. काम झालं.

आता अशा ठिकाणी शहाणा माणूस आणखी एक पायरी टाकतो. टाकी समजा भरलीच नाही, तर अमुक वेळानं व्हॉल्व्ह उघडच. क्षितिजच्या मनात ते आलं, नाही आलं असं नाही. कामावर हाताखालच्या पोरांना तो याच चुकीसाठी झापत असे. पण पुरण डोळ्यांवर आलं होतं, मानेवरून घाम लॅपटॉपवर टपकत होता आणि रजत दारात उभा राहून, "झालं का, जिजाजी? चाला ना, खाली सरबत करून ठेवलं मायनं," म्हणत होता. टाकी न भरायला काय झालं, असं मनाशी म्हणून क्षितिजनं लॅपटॉप मिटला.

सुरभी सप्ताहासाठी माहेरीच राहिली. तो यवतमाळला परत आला.

माणसाला 'मग' कळतं. आईनं पोराला सांगितलं, आधी अभ्यास, मग जेवण, आणि पोरगं चार ओळींवर तासनतास अडून बसलं, तर आई काही त्याला उपाशी ठेवत नाही. मशीनला हे कळत नाही. मशीनला सांगितलं टाकी भरल्यावर, तर टाकी भरल्यावर. आणि टाकी भरलीच नाही. मांडवात ड्रमच्या ड्रम भरले जात होते, आलेल्या पाहुण्यांसाठी घरोघरचे कूलर वाहत होते, पाणी दिवसभर आहे म्हटल्यावर नळाला तोटी लावायचीही गरज कोणाला वाटेना. त्यात भर म्हणून रजतनं गावच्या टाकीच्या बुडाला पाइप जोडून आपल्या नव्या संत्र्याच्या रोपांकडं पाणी वळवलेलं. वरून येत होतं, खालून जात होतं. स्विच उचलला नाही. टेकडीवरचा डबा इमानदारीनं वाट पाहत राहिला आणि खैरटोल्याचा व्हॉल्व्ह एकदाही उघडला नाही.

बेबीताईचा फोन आला तेव्हा क्षितिज राजूरला होता. कोळसा वाहून नेणाऱ्या एका पट्ट्याचं काम चालू होतं.

"भाऊ, नळ कोरडे पडले ना रे आमचे. थेंब नाई. तुझ्या कलेक्टरले काय झालं?"

त्याला तिथल्या तिथं कळलं काय झालं ते. तोंडातून मात्र आलं, "काही फॉल्ट असेल, ताई. बघतो मी."

"चिंचघाटचे लोकं म्हनते नदीलेच पानी कमी हाय. पन त्यायचे तं कूलर चालून राह्यले."

"बघतो म्हटलं ना ताई. येतो मी."

"लवकर ये बावा. जुन्या हिरीवर जा लागते. तिच्या पायऱ्या खचल्या सगळ्या. पोरीबारीले नाई उतरू देत मी, मीच उतरतो."

त्यानं रजतला फोन लावला. रजतमागं टाळमृदंग वाजत होते. "जिजाजी, महाप्रसाद तं होऊ द्या! आता पानी तोडलं तं नाक कापल्या जाईन आमचं पंचक्रोशीत. त्यायले टँकर मांगाले सांगा ना." पाइपाचं त्यानं सांगितलं नाही आणि टाकी का भरत नाही, हे क्षितिजनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

राजूरचं काम होतं, खरं आहे. पण ते काही असं नव्हतं की अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळू नये. गाडीला किक मारली असती, टेकडीवर गेला असता, एक पायरी टाकली असती, संपलं होतं. तो गेला नाही. भर सप्ताहात, सगळ्या गावादेखत, सासऱ्यानं मागितलेलं परत काढून घ्यायचं आणि सुरभीनं ते मांडवातून बघायचं, एवढं त्याच्यानं झालं नाही. भेकडपणा म्हणतात याला, दुसरा शब्द नाही. बेबीताईचा परत फोन आला तेव्हा तो उचललाच नाही, आणि मग दिवसभर फोन खिशात जड वाटत राहिला.

महाप्रसादाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुरभीचा फोन आला. "अहो, खैरटोल्याची एक बाई विहिरीत पडली म्हणे. काढेपर्यंत गेली." मग ती म्हणाली, "बेबी नाव होतं."

क्षितिज चिंचघाटला पोचला तेव्हा मांडव सोडणं चालू होतं. ओसरीवर नानाजी आणि रजत बसले होते. त्यानं पायातले बूटही काढले नाहीत.

"किल्ली द्या."

"बसा आधी," नानाजी म्हणाले.

"किल्ली द्या, मामा."

"जावईबापू, डोक्सं थंड ठेवा. बाई गेली, वाईट झालं, आमाले का वाईट नाई वाटत? पन आज तुमी वर गेले अन् आजच पानी सुरू झालं, तं लोकं काय समजतीन? का आतापर्यंत कोनं तोडलं होतं म्हनून. खैरटोल्याचे लोकं तुमाले सोडतीन का? आमाले सोडतीन? आठ-पंधरा दिस जाऊ द्या. मंग फॉल्ट काढला म्हना."

"पंधरा दिवस? ती माणसं अजून त्याच विहिरीत उतरतायत!"

"ओरडू नोका," रजत उठला. "तुमच्या हातानं झालं ते. मी का लॅपटॉप चालवतो?"

खरंच होतं ते. विमलताई आत देवापुढं जाऊन बसल्या. आणि सुरभी, जिनं धोंड्याच्या जेवणात नजरेनं नवऱ्याला अडवलं होतं, ती आतून आली, खुंटीवरच्या रजतच्या सदऱ्यातून तिनं किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत नवऱ्याच्या हातात ठेवली. तिचे डोळे रडून सुजले होते. "जा तुम्ही," ती म्हणाली. मग खालच्या आवाजात, "पण बाबांचं नाव नका सांगू. पाया पडते."

टेकडीवरच्या खोलीत तेच ऊन, तीच वाफ. काम किती? दोन्हीकडं घड्याळाची अट परत टाकली, स्विच काढला. पहिल्यांदा वेळ खैरटोल्याचीच लावली. कर्र करून मोटर फिरली आणि पाइपातून पाणी खळखळत उतारावर निघालं. हे करायला त्याला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. तो लोखंडी दाराला टेकून उभा राहिला आणि त्याला ढसाढसा रडू कोसळलं.

खाली खैरटोल्यात बाया धावत सुटल्या होत्या. "नळ आले वो! नळ आले!" हंडे, बादल्या, पोरांची आरडाओरड. आणि टेकडीवरून लॅपटॉपची बॅग घेऊन कोण उतरतंय ते लोकांनी पाहिलं. एका म्हाताऱ्यानं त्याला हात जोडले. "देवासारखा आला रे बाप्पा. एक दिस आधी आला असता तं." दुसरी कोणी म्हणाली, "बेबी म्हनेच, भाऊ आला का पानी येते." एका बाईनं तर त्याच्या पायावर पाणी घातलं. त्याला वाटलं, यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

बेबीताईचा नवरा नागोराव घराच्या भिंतीला टेकून बसला होता. मसणातून येऊन थोडाच वेळ झाला असावा, धोतर ओलंच होतं. अबोल माणूस. सगळं बोलणं बायकोनं केलं होतं इतकी वर्षं. क्षितिज त्याच्यासमोर मातीतच बसला.

"नागोरावभाऊ, फॉल्ट नव्हता," तो म्हणाला. "मी बंद केलं होतं."

सुरभीनं पाया पडून मागितलेलं त्यानं पाळलं नाही. त्यानं सगळं सांगितलं. धोंड्याचं जेवण, सप्ताह, आधी-मग, बेबीताईचा न उचललेला फोन. नागोराव जमिनीकडं बघत ऐकत होता. शेजारी नळाखाली हंडा भरून वाहत होता, कोणीतरी तो उचलला, दुसरा लावला.

"मी पोलिसात जातो," क्षितिज म्हणाला. "तुम्ही सोबत चला. आत्ता चला."

नागोरावनं मान हलवली. "नोका जाऊ."

"का पण?"

"तुमी सांगसान, मंग आमचे पोट्टे लाठ्या घेऊन चिंचघाटवर जातीन. मंग ते आमच्यावर येतीन. अन् टेकडी कोनाच्या शिवारात हाय? किल्ली कोनाकडं हाय? नदीवरचा पाइप कोनाच्या वावरातून जाते? उद्या त्यायनं पाइपच फोडला तं आमी कोनाचं काय करून घेनार?" एवढं बोलायची त्याला सवय नव्हती. "बाई तं गेली माही. लेकरं हायत गावात अजून."

"मग मी काय करू?"

नागोरावनं पहिल्यांदाच मान वर केली. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर क्षितिजला तो घेऊन घरी जाता आलं असतं.

"ते मशीन दुसऱ्या कोनाले बदलता येते का?" त्यानं विचारलं.

"नाही. त्याला पासवर्ड आहे. फक्त मलाच येतं."

"म्हंजे पुढच्या उन्हाळ्यातबी तुमीच."

"हो."

"अन् तुमी त्यायचे जावई." हे त्यानं दोष देण्यासाठी म्हटलं नव्हतं. पाणी कुठून येतं, कुठं जातं, हे माणूस जसं समजून घेतो, तसं तो समजून घेत होता. मग त्यानं भिंतीला हात लावून उठायचा प्रयत्न केला, क्षितिजनं पुढं केलेला हात धरला नाही, आणि उभा राहून ओल्या धोतराचा सोगा खोचत म्हणाला, "सासरवाडीले सांभाळून राहा, भाऊ. रागावू देऊ नोका त्यायले. आमी तुमाले काई म्हनत नाई."